घरगुती च्युइंगम आणि बाबांची दातखीळ

आदरणीय दादांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा (वयानं मी तुमच्यापेक्षा सात महिन्यांनी मोठा, पण नात्यापुढे जन्मतारखेचं काय चालतं?) वाकून नमस्कार. तुमची तब्येत ठीक असेल, साइटवरची धूळ जरा बसली असेल आणि तुमचा तो खोकला, जो तुम्ही फक्त बहिणीलाच सांगितला होता आणि तिनं अर्थातच लगेच मला, तोही गेला असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. ‘सगळे’ या शब्दात बाबाही आले. हे मुद्दाम लिहितो, कारण गेल्या मंगळवारी सकाळी तुमच्या साइट ऑफिसातल्या कारकुनानं तुम्हाला निरोप दिला असेल की ‘वडिलांना झटका आलाय, वाचा गेली, ताबडतोब या’. आणि त्यानंतर दुसरा निरोप, की ‘झटका नव्हता, काळजी नको.’ या दोन निरोपांच्या मध्ये दोन तास दहा मिनिटं गेली. त्या वेळात काय घडलं ते फोनवर सांगण्यासारखं नाही. एक तर तुमच्याकडे फोन लागला तर मिनिटभर टिकतो, आणि दुसरं म्हणजे मी फोनवर बोलत असलो की तुमची बहीण शेजारी उभी राहून माझी वाक्यं पुरी करते. यातली काही वाक्यं माझी मलाच पुरी करायची आहेत. म्हणून पत्र. बसून वाचा.

मी सिगारेट सोडली हे तुम्हाला माहीत आहे. (सात महिने झाले. कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो.) सिगारेट सुटली आणि तिची जागा च्युइंगमनं घेतली. उठल्यापासून झोपेपर्यंत माझा जबडा चालू असायचा. बाबांना त्याचा भारी राग. जेवायला बसलो की ते माझ्याकडे न बघता तुमच्या बहिणीला म्हणायचे, “प्रोफेसरांचं रवंथ झालं असेल तर वाढ.” (मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, प्रोफेसर नाही. ही पदवी बाबांनी मला लग्नाच्या आठवड्यात दिली, आणि ती मानाची नाही हे कळायला मला दोन वर्षं लागली.) तर एक दिवस सहज पाकिटावरचा बारीक मजकूर वाचला. साखर, ग्लुकोज, अर्क, रंग, आणि सगळ्यात वर ‘गम बेस’. बेस म्हणजे पाया. पण पाया कशाचा, ते काही लिहिलेलं नाही! आमच्या विभागातल्या मॅडमना विचारलं तर त्या हसून म्हणाल्या की सायकलच्या ट्यूबचं आणि त्याचं लांबचं नातं आहे. मी सात महिने ट्यूब चघळत होतो, दादा. त्याच संध्याकाळी ठरवलं की च्युइंगम घरी करायचं. शुद्ध, झाडापासून आणि मधमाशीपासून.

कृती सोपी असते, निदान कागदावर. मधमाश्यांचं मेण आणि झाडाची शुद्ध राळ मंद आचेवर वितळवायची, त्यात मध आणि थोडं ग्लिसरीन घालायचं, पुदिन्याचा अर्क टाकायचा, मग दळलेल्या साखरेवर ओतून मळायचं, लाटायचं, कापायचं. पहिली खेप मळायला घेतली आणि ती मला सोडेना. उजवा हात सोडवायला डावा घातला, तो गेला. मग ओटा गेला, उलथनं गेलं, नळाची चावी गेली. तुमची बहीण ऑफिसातून आली तेव्हा मी नळाला हात लावून तासभर उभा होतो. दुसऱ्या खेपेला मी राळ वाढवली, आणि तिच्या सगळ्यात चांगल्या पातेल्याच्या तळाशी काचेसारखा थर बसला. तो छिन्नीनं काढताना पातेल्याला भोक पडलं. त्यानंतर आमच्या घरात एक कायदा झाला: या स्वयंपाकघरातल्या एकाही भांड्यात च्युइंगम करायचं नाही. कायद्याचे शब्द मी नीट ऐकले होते. ‘या स्वयंपाकघरातल्या’.

बाबांच्या खाटेखाली त्यांची पेटी आहे, पुस्तकांच्या बाइंडिंगच्या सामानाची. तुम्ही ती लहानपणापासून बघितली आहे. तिच्यात सुया, दाभण, हाडाची पट्टी, आणि ते सरस वितळवायचं दुहेरी भांडं, बाहेरच्यात पाणी आणि आतल्यात पुठ्ठे चिकटवायचा सरस. बाइंडिंगचं दुकान बंद केल्यापासून बाबांनी पेटी उघडली नाही आणि कुणाला उघडू दिली नाही. पण दादा, मेण आणि राळ वितळवायला त्याहून योग्य भांडं जगात नाही! खाली जळत नाही, वर उतू जात नाही. सोमवारी संध्याकाळी बाबा वाचनालयात होते आणि तुमची बहीण अजून यायची होती. मी भांडं काढलं, एकदा पाण्यानं विसळलं आणि चुलीवर चढवलं. आतल्या बाजूला तपकिरी चकाकी होती, तो मला भांड्याचा रंग वाटला. खेप मात्र अशी उतरली की काय सांगू. लाटली तर लाटली जाते, कापली तर कापली जाते. छत्तीस वड्या, पांढऱ्याशुभ्र, साखरेत घोळलेल्या, पुदिन्याचा घमघमाट. मी एक तोंडात टाकणार तेवढ्यात दाराची घंटा वाजली. घाईनं भांडं पुसून पेटीत ठेवलं, आणि वड्यांचा डबा बाबांच्या पुस्तकांच्या फळीवर, जाड शब्दकोशामागे सारला. त्या फळीला तुमची बहीण हात लावत नाही. बाबा लावतात, रोज सकाळी, पुस्तकांच्या पाठी एका रेषेत आणायला, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं.

आता बाबांच्या बाजूनं विचार करा. तीन वर्षांपासून साखर बंद. चहा बिनसाखरेचा, पाहुण्यांसमोर बशी फिरली की त्यांच्यापुढून उचललेली. अशा माणसाला स्वतःच्याच फळीवर, स्वतःच्याच शब्दकोशामागे, साखरेत घोळलेल्या छत्तीस वड्या सापडल्या. त्यांची खात्री झाली की घरातली दोन माणसं आपल्या पाठीमागे गोड खातात. (हे त्यांनी नंतर मला सांगितलं, आणि त्यात चोरीच्या कबुलीपेक्षा आरोपच जास्त होता.) त्यांनी तीन वड्या एकदम तोंडात टाकल्या, कारण चोरून खाणारा माणूस एक-एक खात नाही. चावल्या. वड्या मऊ होत्या, गोड होत्या. वर गरम चहा प्याले, त्यानं त्या आणखी मऊ होऊन वरच्या कवळीच्या आणि खालच्या कवळीच्या फटीफटीत शिरल्या. मग तोंडाला वास येऊ नये म्हणून त्यांनी फ्रिजमधलं गार पाणी प्यायलं.

पावणेआठला मी अंघोळ करत होतो. तुमच्या बहिणीची हाक आली. तिला हाक म्हणता येणार नाही. नुसता आवाज होता. मी साबण लावलेलाच बाहेर आलो. बाबा टेबलाशी ताठ बसले होते. तोंड मिटलेलं, डावा गाल आत ओढला गेलेला, ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळेची धार, आणि डोळे एवढे मोठे की मी तसे कधी पाहिले नव्हते. ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसून विचारत होती, “बाबा, माझं नाव सांगा. नुसतं नाव सांगा.” बाबांच्या नाकातून ‘म्म्’ एवढंच निघालं. तिनं दोन्ही हात वर करायला सांगितले. उजवा सरळ वर गेला. डावा खांद्यापर्यंत येऊन थांबला. दोन वर्षांपूर्वी स्टुलावरून पडल्यापासून तो हात खांद्याच्या वर जातच नाही हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. पण त्या क्षणी तिला ते आठवलं नाही, मलाही आठवलं नाही. चेहरा वाकडा, वाचा बंद, हात पडला. तिनं अँब्युलन्सला फोन केला आणि मी शर्ट उलटा घातला. तो दिवसभर तसाच होता.

अँब्युलन्समध्ये मी बाबांच्या डोक्याशी बसलो होतो. ती पायाशी बसून तुमच्या साइटचा नंबर फिरवत होती. सोबतच्या माणसानं ऑक्सिजनचा मास्क क्षणभर उचलला, आणि आतून एक झुळूक आली.

पुदिना.

मी वाकून पुन्हा वास घेतला. तिला वाटलं मी त्यांच्या कपाळाला कपाळ लावतोय. ती हुंदके देऊ लागली. दादा, इथून पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी गप्प बसलो. स्वतःला म्हटलं, टूथपेस्ट असेल. (कवळीला टूथपेस्ट कोण लावतं?) मग म्हटलं, समजा त्यांनी वडी खाल्ली, म्हणून काय झटका येत नाही? वडी खाल्ल्यावर आला असेल. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, साखर, रक्तदाब. मी आता च्युइंगमची गोष्ट सांगायला लागलो, अँब्युलन्सवाल्यानं वेग कमी केला, आणि तो खरंच झटका निघाला, तर? आणि या सगळ्या सुज्ञ विचारांच्या खाली एक अगदी लहानसा, ओशाळवाणा विचार होता, तोही लिहून टाकतो: मी बोललो तर तिला कळेल की मी पेटी उघडली.

हॉस्पिटलात सगळं फार भराभर झालं आणि तरी वेळ जाता जात नव्हता. एक तरुण डॉक्टर आले, दोन दिवस झोप न झालेले. त्यांनी बाबांना हसायला सांगितलं. बाबा अर्थातच हसले नाहीत. (ते एरवीही सांगून हसत नाहीत, पण हे डॉक्टरांना कसं ठाऊक असणार?) जीभ दाखवायला सांगितली, तोंड उघडेना. डॉक्टर म्हणाले, जबड्याचे स्नायू आवळले गेलेत, असं होऊ शकतं. बाबा मात्र सारखे माझ्याकडे बोट दाखवत होते. बोट माझ्याकडे, मग स्वतःच्या तोंडाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तुमच्या बहिणीनं मला पुढे ढकललं. “त्यांना तुमचा हात धरायचाय,” ती म्हणाली, “आयुष्यात पहिल्यांदा.” मी हात दिला. बाबांनी मनगट धरलं आणि असं पिरगाळलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझं पाणी बघून ती आणखी रडली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, उजव्या हाताची ताकद उत्तम.

त्यांना स्कॅनला नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो, खिशात बाबांचा चष्मा आणि घड्याळ. समोरच्या भिंतीवरही एक घड्याळ होतं, त्याचा सेकंदकाटा दर वेळी पुढे जाण्याआधी किंचित मागे यायचा. मी मनात वाक्य तयार केलं: ‘डॉक्टर, एक शक्यता सांगायची आहे.’ मग ते बदललं: ‘डॉक्टर, हसू नका, पण.’ मग दार उघडलं आणि डॉक्टर स्वतःच बाहेर आले. म्हणाले, मेंदूत रक्तस्राव नाही. मी जवळजवळ उडी मारली. मग म्हणाले, म्हणजे गुठळीच असणार. मी विचारलं, दिसतेय का? ते म्हणाले, इतक्या लवकर दिसत नाही. म्हणजे काहीच दिसत नव्हतं, आणि काही दिसत नाही म्हणूनच ती होती. प्रयोगशाळेत कुणी असा निष्कर्ष काढला असता तर मी त्याची वही परत केली असती. पण मांडणी त्यांची, सासरे माझे, आणि घड्याळ दोघांचं.

पावणेदहाला त्यांनी कागद पुढे केला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. जितक्या लवकर तितकं चांगलं, अर्धांग वाचू शकतं, वाचा परत येऊ शकते. पण शंभरातल्या पाच-सहा जणांना त्या इंजेक्शनानं मेंदूत रक्तस्राव होतो, आणि मग फारसं काही हातात राहत नाही. तुमच्या बहिणीनं पेन घेतलं आणि थांबली. म्हणाली, “दादाला विचारायला हवं. तो मोठा आहे.” तिनं पुन्हा तुमचा नंबर लावला. लागला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं माझा सल्ला घ्यायचा म्हणून माझ्याकडे बघितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी बघितलं. “सांगा ना,” ती म्हणाली, “सही करू?”

माझं तोंड उघडेना. बाबांचं राळेनं मिटलं होतं, माझं कशानं ते तुम्हीच ठरवा.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या, तिथल्या सगळ्यात जुन्या. त्या म्हणाल्या, “आजोबांचा हात चालतोय ना? मग लिहू द्या की त्यांना.” इतका वेळ हे कुणाला सुचलं नव्हतं. बाबांच्या मांडीवर पुठ्ठा ठेवला, हातात पेन दिलं. चष्मा माझ्या खिशात होता हे मी विसरलो. त्यांनी तसंच, मोठ्या अक्षरात, पेन कागदात रुतवून लिहिलं:

सरस

तुमच्या बहिणीनं वाचलं आणि ती मोडून पडली. “बघा, मला धीर देतायत,” ती म्हणाली. “म्हणतायत, मी सरस आहे. मी बरा आहे.” डॉक्टरांनी कागद घेतला, मान हलवली आणि हळू आवाजात मला म्हणाले की अशा वेळी पेशंट भलतेच शब्द लिहितात. बाबांनी कागद परत ओढून घेतला. त्या शब्दाखाली एक रेघ मारली. दुसरी मारली. तिसऱ्या रेघेला कागद फाटला. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दादा, पन्नास वर्षं पुस्तकं बांधलेला माणूस ‘सरस’ लिहितो तेव्हा तो स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलत नसतो. तो सरसाबद्दल बोलत असतो. भांड्यातली ती तपकिरी चकाकी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तो भांड्याचा रंग नव्हता. तो पन्नास वर्षांचा सरस होता, गरम झाला की वितळणारा आणि गार झाला की लाकडाला लाकूड धरून ठेवणारा.

“सही करू नकोस,” मी म्हणालो. आवाज इतका मोठा आला की पलीकडच्या पडद्यामागचा पेशंट उठून बसला. “डॉक्टर, हे चिकटलेत.”

“काय?”

“कवळ्या. वरची खालची. च्युइंगम आहे. मी केलंय. घरी.”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग फार दयाळूपणे म्हणाले, “तुम्ही जरा बाहेर बसा. पाणी प्या.”

“मी शुद्धीवर आहे. त्यांचा डावा हात दोन वर्षांपासून वर जात नाही, हिला विचारा. गाल ओढलाय कारण तो चिकटलाय. तोंडाचा वास घ्या. पुदिना येईल.”

डॉक्टर म्हणाले, वेळ चाललाय. मी म्हणालो, दहा मिनिटं द्या. ते म्हणाले, दहा मिनिटांत मेंदूच्या किती पेशी मरतात ठाऊक आहे? ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी चुकत असलो तर त्या सगळ्या माझ्या खात्यावर होत्या. मी तुमच्या बहिणीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती, पेन हातात, आणि तिच्या चेहऱ्यावर अजून राग नव्हता. तिला अजून सगळं कळायचंच होतं.

मोठ्या सिस्टर मात्र वाकल्या आणि त्यांनी बाबांच्या तोंडाचा वास घेतला. सावकाश उभ्या राहिल्या. “डॉक्टर, इंजेक्शन भरून ठेवा,” त्या म्हणाल्या, “पण कवळी तशीही काढायचीच असते ना? ती मी काढते.”

तोंडातून काही द्यायचं नाही असा नियम, म्हणून गरम पाणी पाजता येईना. त्यांनी गरम पाण्यात कापडाच्या घड्या भिजवून दोन्ही गालांवर ठेवायला सुरुवात केली, आणि गॉजची पिळलेली पट्टी दातांच्या फटीवर. थंड झाली की बदलायची. डॉक्टर इंजेक्शन घेऊन उभे होते. भिंतीवरच्या काट्यानं एक फेरी मारली, दोन मारल्या. पाचव्या मिनिटाला काही नाही. डॉक्टर म्हणाले, “आणखी एक मिनिट, मग मी सुरू करतो.” सहाव्या मिनिटाला बाबांच्या तोंडातून बारीकसा आवाज आला, ओल्या पुठ्ठ्यावरून कापड सोलताना येतो तसा. सिस्टरनी दोन बोटं आत घातली, हलकेच फिरवली, आणि वरची-खालची कवळी एकमेकींना धरलेली, अखंड, एका तुकड्यात बाहेर आली.

डॉक्टर ती जोडगोळी हातात घेऊन उलटसुलट करत होते. बाबांनी दोनदा जबडा उघडून मिटला. मग माझ्याकडे वळून, बिनदाताच्या तोंडानं पण अगदी स्पष्ट म्हणाले, “जावईबापू, भांडं घासलं नव्हतंत.”

दोन तास रडलेल्या तुमच्या बहिणीनं डोळे पुसले आणि विचारलं, “कुठलं भांडं?”

पुढचं तुम्ही कल्पनेनं जाणाल. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. गाल सरळ, जीभ सरळ, बोलणं गरजेपेक्षा जास्त. डाव्या हाताबद्दल बाबांनी स्वतःच त्यांना स्टुलाची हकीकत ऐकवली. इंजेक्शन परत गेलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की तुम्ही अर्धा तास आधी बोलला असतात तर बरं झालं असतं. तुमच्या बहिणीला वाटतं की ‘सरस’ वाचल्यावरच माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ती आल्यागेल्याला सांगते की ह्यांनी ऐन वेळी बाबांना वाचवलं. ती हे सांगते तेव्हा मी पाणी प्यायला आत जातो. सव्वाआठपासून दहाला दहा कमी असेपर्यंत मी गप्प होतो, दादा. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ज्यांचे वडील आहेत त्यांनाच सांगावं असं वाटलं. तुम्ही रागावलात तर ते बरोबरच आहे.

बाबा माझ्यावर रागावलेले नाहीत, हे मला जड जातंय. संध्याकाळी टॅक्सीतून येताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “राळ किती घातली होतीत?” मी सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “निम्मी पुरे.” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पेटी ओढून काढली, भांडं सोड्याच्या पाण्यात उकळलं आणि सगळी सकाळ तासत बसले. आतून पितळ निघालं, दादा, पिवळं, झगझगीत. मला त्यांनी समोर बसवून सरस किती अंशाला धरतो आणि किती अंशाला सोडतो ते शिकवलं. एकोणीस वर्षांत इतकं सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मध्येच ‘प्रोफेसर’ म्हणाले, आणि या वेळी त्यात काही खोच नव्हती, निदान मला तरी लागली नाही. कवळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही कवळ्या सुट्या करून द्यायला आठवडा मागितला आहे. तोवर बाबा मऊ भात आणि तुमच्या बहिणीचा चढा आवाज यांवर आहेत. ती माझ्याशी बोलते, पण भांडी घासताना.

आता बाबांचा निरोप, त्यांनी सांगितला तसाच उतरवतो; ते समोर बसले आहेत. ‘मी ठणठणीत आहे. रजा टाकली असशील तर रद्द कर. एवढ्याशा कारणासाठी दोन दिवसांचा प्रवास करण्यात अर्थ नाही. तिकडचं काम महत्त्वाचं आहे. खोकल्याला औषध घे.’ (खोकल्याचं त्यांना कुणी सांगितलं ते मला विचारू नका.) हा निरोप तुम्हाला पोचला की माझं काम झालं. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
प्रोफेसर

ता. क. : हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाका. विशेषतः अँब्युलन्सचं पान.

आणखी एक ता. क. : बाबा आताच पाय मोकळे करायला गेले आहेत, तेवढ्यात लिहितो. वरचा निरोप खोटा आहे. हॉस्पिटलात, कवळी निघून अजून पाच मिनिटं झाली नव्हती, तेव्हा त्यांनी तुमच्या बहिणीला विचारलं, “त्याला कळवलंस?” ती हो म्हणाली. “काय म्हणाला?” ती म्हणाली, फोन लागला नाही, निरोप ठेवलाय. त्यानंतर संध्याकाळपर्यंत हाच प्रश्न त्यांनी तीनदा विचारला, दर वेळी दुसऱ्या कशाबद्दल तरी विचारत असल्यासारखा. दुकान बंद करायच्या वेळी तुमचं-त्यांचं काय झालं ते मला माहीत आहे, आणि ‘जातोस तर जा’ हे त्यांचं वाक्य मी बाहेरच्या खोलीत उभा राहून ऐकलं होतं. त्याला चार वर्षं झाली. पण काल त्यांनी तुमच्या खोलीतली खाट उन्हात काढली. मी विचारलं तर म्हणाले, ढेकूण झालेत. आमच्याकडे ढेकूण नाहीत, दादा.

तेव्हा रजा रद्द करू नका. हे पत्र तुम्ही निघाल्यावर साइटवर पोचलं असं आपण ठरवून टाकू. आल्या आल्या दारातच त्यांना ‘बाबा, आता कसं वाटतंय?’ एवढं विचारा. ते चिडतील, म्हणतील मला काय धाड भरलीय. चिडू द्या. आम्ही दोघं रोज विचारतो, पण आमच्यावर ते तसे हक्कानं चिडत नाहीत.